जुन्या कोब्यावरच पेव्हर बसवावेत का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घराची डागडुजी करणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो: परड्यातला जुना काँक्रीटचा कोबा फोडू नये, त्यावरच सिमेंटच्या मालात पेव्हर (जमिनीवर जोडून बसवायचे काँक्रीटचे ठोकळे) बसवावेत, पाणी फटींतून जिरते आणि पुन्हा आयुष्यभर तिकडे पाहावे लागत नाही.

यातील पहिलेच विधान सर्वाधिक नुकसान करते. कोबा भेगाळतो तो बहुतेक वेळा खालच्या जमिनीमुळे. चिकोडी-अथणीकडची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, तर खानापूर-जांबोटीच्या मुसळधार पावसात नीट न दाबलेली भर खचते. ही हालचाल थांबवल्यावाचून वर कितीही चांगले पेव्हर घातले, तरी ते त्याच भेगेवर वरखाली होऊ लागतात. शिवाय ६० मिलिमीटरचा पेव्हर आणि खालचा २५ ते ४० मिलिमीटरचा थर मिळून परडे साडेआठ ते दहा सेंटीमीटर उंचावते आणि मागच्या दाराचा उंबरा तेवढा उंच नसेल, तर पावसाचे पाणी थेट स्वयंपाकघरात शिरते. म्हणून कोबा काढावा, काळी माती लागल्यास तीही खणून टाकावी, मुरूम पसरून पाणी मारून धुमसावा, त्यावर १०० ते १५० मिलिमीटर मिश्र खडी दोन थरांत दाबावी आणि मगच वाळू अंथरावी. खर्च वाढतो, हे मान्य आहे. पण सारे काम टिकते ते याच न दिसणाऱ्या खर्चावर. कोबा अखंड, पक्का आणि योग्य उताराचा असेल तर गोष्ट वेगळी. झिजून भेगाळलेल्या कोब्याला ती सवलत देता येत नाही.

मालात बसवल्याने पेव्हर पक्के होतात, हा समजही चुकीचा आहे. त्यांची ताकद एकमेकांत घट्ट अडकण्यात असते आणि त्यासाठी तळाशी जाड वाळू, फटींत बारीक वाळू व चारही कडांना कर्ब, म्हणजे पेव्हर सरकू न देणारी पक्की किनार, लागतो. खालची नळाची पाइप फुटली, तर वाळूवरचे पेव्हर उचलून, दुरुस्ती करून तेच पुन्हा बसवता येतात. मालातले फोडावे लागतात.

फटींतून पाणी जिरते, हे अर्धेच खरे आहे. साध्या पेव्हरच्या अरुंद फटींतून थोडेच पाणी आत जाते आणि खाली कोबा असेल तर तेही अडकून वाळू भिजत राहते व पेव्हर डुगडुगतात. त्यामुळे घरापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला २ सेंटीमीटर उतार हवाच आणि तो वाळू कमीजास्त करून नव्हे, तर खडीच्या थरातच काढायला हवा.

आयुष्यभराच्या हमीबद्दल एवढेच, की पहिल्या पावसाळ्यानंतर फटींतली वाळू पुन्हा भरावी लागते आणि पुढेही ती अधूनमधून पाहावी लागते. पेव्हरची जाडीही वापरानुसार ठरते: आयएस १५६५८ या पेव्हरसाठीच्या भारतीय मानकात वाहतूक नसलेल्या जागेसाठी ५० आणि हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडी दिली आहे, म्हणून परड्यात मोटार उभी राहणार असेल तर ६० मिलिमीटरचेच पेव्हर घ्यावेत.