गणपतीआधी कुंपणाला कात्री लावू नका

बेळगावातल्या सगळ्या बागवाल्यांना हात जोडून एक सांगणं आहे. यंदा गणपतीच्या साफसफाईत कुंपण छाटू नका. घर रंगवा, भिंतीवरचं शेवाळ घासून काढा, गटार साफ करा. पण मेंदी, जास्वंद, कण्हेर, ड्युरांटा यांना दिवाळी होईपर्यंत हात लावू नका.

टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ, कुठंही जा, रिवाज एकच. श्रावण लागला की गडी बोलवायचा आणि मिरगापासून माजलेलं कुंपण दोन तासांत कंबरेएवढं करून टाकायचं. पाहुणे येणार, मूर्ती आणायची, दारात झाडोरा बरा दिसत नाही. हे मला समजतं, आमच्याही घरी गणपती असतो. पण आपल्याकडं पाखरांच्या विणीचा भर नेमका याच दिवसांत असतो. शिंपी, वटवट्या, मुनिया, भारद्वाज पावसाळ्यात घरटी करतात, कारण अळ्या, किडे, गवताचं कोवळं बी तेव्हाच मुबलक मिळतं. बुलबुल तर उन्हाळ्यापासूनच सुरू झालेला असतो आणि पावसातही त्याची वीण चालू असते. म्हणजे आपण कात्री चालवतो तेव्हा कुंपणात कुणीतरी अंड्यांवर बसलेलं असण्याची शक्यता वर्षात सर्वांत जास्त.

शिंप्याचं घरटं ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांनी एकदा जरूर पाहावं. आमच्या लिंबाच्या झाडाला लागून असलेल्या जास्वंदीत ते दरवर्षी सापडतं. एखादं मोठं पान वळवून, नाहीतर दोन पानं जवळ ओढून कडेला चोचीनं बारीक भोकं पाडलेली असतात. त्यांतून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवलेला, आणि बाहेरच्या बाजूला त्या धाग्याचा छोटा गोंडा फुललेला, त्यामुळं टाका सुटत नाही. आत कापसाची गादी. पानं देठाला जोडलेलीच राहतात, म्हणून ती हिरवी असतात आणि हातभर अंतरावरूनही घरटं दिसत नाही. गड्याला दिसत नाही ते याचमुळं, त्याचा काही दोष नाही. घरटं शिवल्यापासून पिल्लं उडेपर्यंत महिनाभराचा काळ लागतो. तेवढा महिना आपण देऊ शकत नाही का?

काही जण म्हणतात, घरटं दिसलं तर तेवढी फांदी सोडून छाटतो. त्यामागची माया खरी आहे, पण उपयोग होत नाही. भोवतालची पानं गेली की घरटं उघडं पडतं आणि कावळ्याला, मांजराला रस्ता मोकळा होतो. पाऊस थेट आत पडतो. पाखरू घाबरून सोडून गेलं तर अंडी गारठतात. आणि हे नुसतं दयेपुरतं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणं शिकारीतच मोडतं. आपल्या घरच्या कुंपणालाही तो कायदा लागू आहे.

मग छाटायचं कधी? दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. पावसाळी वीण आटोपलेली असते, उन्हाळी वीण सुरू व्हायची असते. आमच्याकडं परड्यात कामाला येणारे खानापूरकडचे मामा आहेत, ते तर हसतातच आम्हा शहरवाल्यांना. म्हणतात, "काकी, सुगी आटपल्याबिगर वईला कोयता लावत नाय आम्ही." त्यांच्याकडं भात घरात आल्यावर वईची, म्हणजे शेताच्या कुंपणाची, कामं निघतात, त्याआधी कुणाला सवडच नसते. कारण काहीही असो, पाखरांना ते सोयीचं पडत आलं.

छाटतानाही सगळं कुंपण एका वर्षी छाटू नका. यंदा रस्त्याकडची बाजू, पुढच्या वर्षी आतली. माथा अरुंद आणि बुडका रुंद ठेवा. वर छत्रीसारखं पसरलं की खाली ऊन पोचत नाही, बुडातली पानं झडतात आणि नुसते दांडके उरतात. वटवट्याला आणि सातभाईंना लपायला बुडातलीच गर्दी लागते. आणि दर पंधरा दिवसांनी मशीन फिरवून विटेसारखं चौकोनी केलेलं कुंपण तर मला बघवत नाही. मेंदीला, ड्युरांटाला फुलं शेंड्याला येतात. शेंडेच खुडले तर फूल नाही, फळ नाही, मधमाशी नाही. असं हिरवंगार कुंपण पाखराच्या दृष्टीनं भिंतच.

सापाची भीती हा मुद्दा मी टाळणार नाही. साप उंदरांच्या मागं येतो, बेडकांच्या मागं येतो. म्हणून उष्टं-खरकटं कुंपणाच्या बुडाशी टाकू नका, घराच्या भिंतीला लागून झाडी वाढवू नका, दारापासून कुंपणापर्यंतची वाट झाडून लख्ख ठेवा आणि रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. लहान मुलं असलेल्या घरात फाटकाजवळचा भाग मोकळा ठेवला तर मी अजिबात नावं ठेवणार नाही. राहिले डास. ते सावलीत बसतात हे खरं, पण वाढतात साचलेल्या पाण्यात. कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर, नारळाची करवंटी आधी उपडी करा.

कढीलिंबावरच्या अळ्यांचंही सांगते. पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं तपकिरी-पांढरं काही दिसलं तर औषध मारण्याआधी नीट बघा. ती लाइम किंवा मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. कण्हेरीवर कॉमन क्रो हे फुलपाखरू वाढतं, रुईवर प्लेन टायगर. चार फांद्या खाल्ल्यानं कढीलिंब मरत नाही, महिन्याभरात पुन्हा फुटतो. शिंप्याची पिल्लं याच असल्या अळ्यांवर पोसतात.

भीमगडला अभयारण्य आहे, खानापूरला जंगल आहे, मग शहरात कशाला हा खटाटोप, असं विचारणारे भेटतात. पण शिंपी, बुलबुल, मुंगूस, सापसुरळी हे दाट जंगलाच्या भरवशावर राहणारे जीव नव्हेत. ते माणसाच्या कडेकडेनं राहत आले, शेताच्या वईत आणि घराच्या परड्यात. किणये, बेळगुंदी, जांबोटीकडच्या वाटांवर निगडी, करवंद, शेर, घायपात यांच्या वया बघत आम्ही मोठे झालो. आता तिथं सिमेंटचे खांब आणि तार येते आहे, बांधावर तणनाशक पडतं आहे. शेतकऱ्याला जागा हवी, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याला मी काय सांगू? पण शहरातल्या लेआउटमध्ये तीस-चाळीस फूट कुंपण ज्याच्या हाती आहे, त्याचं काहीच अडत नाही.

नवीन लावणार असाल तर एकाच जातीची रांग नको. निगडी लावा, तिची निळसर फुलं मधमाश्यांना आवडतात आणि पानं गुरं खात नाहीत. मधे मधे करवंद घाला. काट्यांमुळं मांजर आत शिरत नाही आणि उन्हाळ्यात फळं माणसांनाही होतात, बुलबुलांनाही. अडुळसा थंडीत फुलतो. घाणेरी मात्र नको, फुलपाखरं येतात म्हणूनसुद्धा नको. पाखरं तिची फळं खाऊन बी थेट रानात नेतात आणि तिनं आधीच रान व्यापलं आहे. छाटलेल्या काटक्या जाळू नका, मागच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवा.

निगडी फांदीवरून लागते, बी-रोपाची गरज नाही. आमच्या परड्यात भरपूर आहे. पुढच्या मिरगाला लावायला ज्यांना काड्या हव्यात त्यांनी मला आताच सांगून ठेवा, म्हणजे तेवढ्या फांद्या राखून ठेवते. गणपती तोंडावर आलेत, तेव्हा कुणी गड्याला येत्या रविवारचं सांगून बसला असाल तर त्याला आजच फोन करा आणि दिवाळीनंतरचा दिवस द्या. त्याचा रोज बुडू नये म्हणून वाटल्यास गच्ची धुऊन घ्या.