गिरणाकाठच्या विद्यापीठाचे उसने विद्यार्थी

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक यादी पुन्हा पुन्हा फिरते. मथळा 'आपल्या विद्यापीठाने जगाला दिलेली रत्नं'. त्याखाली कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं नाव आणि मग 'माजी विद्यार्थी' म्हणून सात जण: बालकवी, बहिणाबाई, साने गुरुजी, प्रतिभाताई पाटील, ना. धों. महानोर, अ‍ॅड. उज्ज्वल निकम आणि डॉ. राजेंद्र भारूड. शेवटी 'खान्देशी असाल तर पुढे पाठवा'. लोक इमानदारीने पाठवतात. सातही जण आपले आहेत, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण यातल्या एकानेही हे लोक म्हणतात तशी या विद्यापीठाची पदवी घेतलेली नाही.

निम्मी यादी तर एका तारखेतच गळून पडते. हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं. त्याआधी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा १९९८ चा.) पुणे विद्यापीठ १९४९ चं. सुरुवातीला त्याचा पसारा जळगावपासून कोल्हापूरपर्यंत, बारा जिल्ह्यांचा होता. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आल्यावर पाच जिल्हे उरले आणि १९९० मध्ये त्यातले आपले दोन बाहेर पडले. नाशिक मात्र पुण्याकडेच राहिलं, म्हणून 'उत्तर महाराष्ट्र' नाव वाचून नाशिकची माणसं या यादीत घालणारेही चुकतात. आणि १९४९ च्या आधी खान्देशातल्या मुलाला पदवी हवी असेल तर ती मुंबई विद्यापीठाची.

बालकवींचा जन्म धरणगावचा, १८९० चा. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी या पोराला 'बालकवी' म्हटलं. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. म्हणजे विद्यापीठ यायला अजून बहात्तर वर्षं होती. यावर आणखी काय लिहायचं?

बहिणाबाईंचं नाव यादीत पाहून हसावं की चिडावं कळत नाही. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता लोकांसमोर आल्या. विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं २०१८ मध्ये. यादी करणाऱ्याने पाटीवरचं नाव हजेरीपटात लिहून टाकलंय. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला द्यावंसं वाटलं, ही केवढी मोठी गोष्ट. तिला 'माजी विद्यार्थिनी' केलं की नेमकी तीच पुसली जाते.

साने गुरुजींचं खान्देशाशी नातं खरं आहे, पण ते शिक्षकाचं. जन्म कोकणातल्या पालगडचा, कॉलेज पुण्यात. त्यानंतर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांचं करणं-सवरणं, 'विद्यार्थी' मासिक काढणं, हे सगळं त्या सहा वर्षांतलं. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. ते वारले १९५० मध्ये.

आता प्रतिभाताई. यादीतला सगळ्यात भक्कम वाटणारा दाखला हाच, आणि गटावर कोणी शंका काढली की उत्तरही ठरलेलं: 'अरे भो, जळगावातच शिकल्या ना त्या!' शिकल्या. नाडगावचा जन्म, जळगावची शाळा, मग मूळजी जेठा (एम. जे.) कॉलेजातून एम.ए. त्यानंतर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी. १९६२ मध्ये त्या जळगावातून आमदार झाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. म्हणजे एम.ए. पुणे विद्यापीठाची आणि कायदा मुंबई विद्यापीठाचा. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या तेव्हा आपलं विद्यापीठ जेमतेम सतरा वर्षांचं होत होतं.

यावरचा पुढचा युक्तिवाद जरा ऐकण्यासारखा आहे: एम. जे. कॉलेज १९९० नंतर याच विद्यापीठाकडे आलं, मग त्याचे जुने विद्यार्थीही याचेच का नाहीत? कारण संलग्नता पुढच्या परीक्षांसाठी बदलते, मागच्या पदव्यांवरचा शिक्का बदलत नाही. खान्देशातल्या कॉलेजात बी.ए., बी.कॉम.ला वर्ग घेतात कॉलेजचे प्राध्यापक. स्वायत्त कॉलेजं सोडली तर विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. प्रतिभाताईंना घडवण्याचं श्रेय मागायचा पहिला हक्क एम. जे.चा, मग पुण्याचा, कायद्यापुरता मुंबईचा. या यादीत एम. जे.चं नावसुद्धा नाही, आणि मला खरा राग त्याचा आहे. खान्देशाचा अभिमान म्हणून जे फिरवलं जातंय त्यात खान्देशातलं कॉलेजच गायब.

निकमसाहेबांचंही तसंच. विज्ञानाची आणि कायद्याची पदवी जळगावातच घेतली, कायदा मणियार लॉ कॉलेजात. पण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून त्यांचं नाव देशभर झालं, त्याआधी कित्येक वर्षं ते जळगावच्या कोर्टात उभे राहत होते. पदव्या पुणे विद्यापीठाच्या काळातल्या.

महानोरांच्या बाबतीत दुहेरी घोळ. त्यांचं पळसखेडं सोयगाव तालुक्यात, म्हणजे जिल्हा आताचा छत्रपती संभाजीनगर. शाळा झाली ती इकडे, जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीला. मग जळगावात कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षानंतर शिक्षण सोडून ते शेतीकडे परतले. हे सगळं १९९० च्या कितीतरी आधीचं. एखाद्या मोठ्या माणसाला कुठल्या विद्यापीठाने सन्मानाची डी.लिट. दिली, तर तेवढ्याने तो तिथला विद्यार्थी होत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण पुढचा मेसेज त्यावरून येणार.

डॉ. भारूड वयाने तरी बसतात. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, नवोदय विद्यालयात शिकलेले, पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी झालेले. पण एम.बी.बी.एस. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून. आणि समजा ते धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले असते, तरी उत्तर तेच आलं असतं. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि तेव्हापासून वैद्यकीय पदव्या तिकडून मिळतात. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं. मुक्त विद्यापीठाची पदवी नाशिकची. अलीकडे इथली काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली आहेत. तेव्हा 'जळगावात शिकला' एवढ्यावरून विद्यापीठ ठरत नाही. विषय कोणता आणि साल कोणतं, हे विचारावंच लागतं.

'अभिमानाच्या गोष्टीत तारखा कशाला उकरता?' असंही कोणी म्हणेल. कारण ही यादी पोरं भाषणात वापरतात, मुलाखतीला पाठ करून जातात, आणि समोरच्याने 'बहिणाबाई कुठल्या साली पास झाल्या?' असं विचारलं की तोंडघशी पडतात. दुसरं असं, की १९९० नंतर या विद्यापीठातून खरोखर पदवी घेतलेल्यांचं यादीत एकही नाव नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून तळोद्याला, शहाद्याला येऊन घरातले पहिले पदवीधर झालेले, चोपड्यात-अमळनेरात एम.एस्सी. करून बाहेर संशोधनाला गेलेले, बांभोरीच्या टेकडीवर, खुद्द विद्यापीठात पीएच.डी. करून आपल्याच गावच्या कॉलेजात शिकवणारे. यांची नावं पाठ्यपुस्तकात नाहीत, म्हणून यादी करणाऱ्याला सुचली नाहीत. पण ती मिळण्यासारखी आहेत. दरवर्षीच्या दीक्षान्त समारंभात सुवर्णपदकं दिली जातात, त्या मुला-मुलींची नावं, विषय आणि कॉलेजं जाहीर होतात. गटावर यादीच फिरवायची असेल तर पहिल्या दहा वर्षांच्या पदकविजेत्यांपासून सुरुवात करा आणि ते आज कुठे आहेत ते शोधा.