काजवे पाहण्यास जाताना प्रखर दिवे सोबत ठेवावेत

मे महिना सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडल्या आणि मोबाइलवर काजव्यांच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागल्या, की आपण भंडारदऱ्यास अवश्य निघावे. वार शनिवारच निवडावा, कारण उरलेल्या महाराष्ट्रानेही तोच निवडलेला असतो आणि एवढ्या लोकांचे एकाच वेळी चुकणे शक्य नाही. घोटीपासून रांगेत लागावे, बारीजवळ कळसूबाईला गाडीतूनच हात जोडावेत आणि शेंडी गावी पोहोचेपर्यंत पुरता काळोख पडेल असा हिशेब ठेवावा. उजेडी पोहोचल्यास १९२६ साली बांधून पुरे झालेले दगडी धरण, त्यामागचा जलाशय आणि पलीकडे रतनगडाचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, नजरेस पडण्याचा धोका असतो, आणि त्यात वेळ विनाकारण खर्ची पडतो.

नाक्यावर प्रवेशशुल्क भरले, की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आपल्या नावे झाले असे समजावे.

आता दिव्यांविषयी. काजवा हा मुळातच उजेडाचा जीव असल्यामुळे त्याला आणखी थोडा उजेड दिल्यास आनंदच होतो, असा आपला समज असेल. तो तसाच राहू द्यावा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात लुकलुकतात ते आपल्या करमणुकीसाठी, हे तर उघडच आहे. (वास्तविक नर त्या लुकलुकण्याने मादीला खूण करीत असतो, मादी उलट खुणेने त्याला उत्तर देते, आणि पालापाचोळ्यात अळीच्या रूपात गोगलगायी खाऊन कित्येक महिने काढल्यावर पंख फुटलेल्या या किड्याला एवढ्या एका कामासाठी मोजकेच दिवस मिळतात, परंतु असल्या माहितीवर रील चालत नाही.) म्हणून झाड दिसताच गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करावी, इंजिन चालू ठेवावे आणि दिवे अप्परवर टाकावेत.

गेल्या शनिवारी उडदावण्याच्या पुढे आमच्या मागे येऊन थांबलेल्या एका गृहस्थांनी हा नियम इतक्या निष्ठेने पाळला, की त्यांचा आदर्श आपल्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या गाडीच्या टपावर एलईडी दिव्यांची एक लांबलचक पट्टी होती आणि तिच्या झोतात समोरच्या सादड्याचे पान न् पान मोजता आले असते. पट्टी लागताच झाडावरची सगळी लुकलुक जागच्या जागी विझली. त्यावर त्यांनीच खिडकीतून मान बाहेर काढून, ‘इथे काही नाहीये, पुढे चला,’ असे सर्वांना ओरडून सांगितले. दिवे बंद करा, अशी विनंती आमच्या वाटाड्याने त्यांना हात जोडून केली, तेव्हा ते म्हणाले, ‘मग अंधारात दिसणार कसं?’ वाटाड्याने स्वतःच्या विजेरीला लाल कागद लावलेला होता आणि तीही तो पायाखालीच धरीत होता; त्याचे सारे बालपण या झाडांखाली गेले आहे आणि तेथे उजेड पाडून पाहण्याची बुद्धी त्याला कधी झाली नाही. पडद्यावर विजेरी मारायची आणि सिनेमा दिसत नाही म्हणून व्यवस्थापकाशी भांडायचे, असा माणूस नाट्यगृहात किंवा चित्रपटगृहात भेटला असता तर लोकांनी त्याला दंड धरून बाहेर काढले असते. येथे मात्र त्याच्यामागे उभ्या असलेल्या गाड्यांनीही आपापले अप्पर लावले, कारण पुढच्याने लावले आहेत म्हणजे काहीतरी दिसत असणारच. मग हॉर्न सुरू झाले. समोरून येणाऱ्या गाड्यांना जागा मिळेना, मागच्यांना वळता येईना, आणि त्या रांगेच्या टोकाला घाटघरहून कोणा आजाऱ्याला घेऊन निघालेली एक जीप अडकली होती, हे कळल्यावरही पुढची मंडळी गाडीच्या टपावर चढून चित्रफीत काढीत राहिली. त्या चित्रफितीत काय आले असेल? उजळलेले एक झाड आणि धूळ. एवढ्यासाठी ही माणसे मुंबईहून आली होती.

काजवे बाटलीत भरून मुलांना दाखवण्यासाठी घरी न्यावेत. इगतपुरीपर्यंत ते मेल्याचे लक्षात येते, मग बाटली खिडकीतून फेकता येते.

तंबूत गाणी लावताना आवाज एवढा ठेवावा, की शेजारच्या तंबूला स्वतःचा स्पीकर लावण्याची गरज पडू नये.

चुलीवरच्या पिठलं-भाकरीला ‘अस्सल गावची चव’ असे म्हणून दाद द्यावी आणि हिशेबाच्या वेळी ताटामागे वीस रुपये कमी करून घ्यावेत.

एवढ्याने हौस न भागल्यास पाऊस सुरू झाल्यावर आपण याच अभयारण्याच्या दुसऱ्या टोकाला, हरिश्चंद्रगडावर जावे. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढे थंडगार पाणी असते; तेथे चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे, तेव्हा कपडे वाळत घालण्यास तोच वापरावा. कोकणकड्यावर पालथे पडून खाली पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी आणि काठावर उभे राहून उडी मारतानाचे छायाचित्र काढून घ्यावे. हा कडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे खालून येणारा वारा हलक्या वस्तू पुन्हा वर आणून टाकतो. वेफर्सची पाकिटे म्हणून तेथे टाकू नयेत, ती आपल्याच तोंडावर येतात. काचेच्या बाटल्या टाकाव्यात, त्या पायथ्याच्या बेलपाडा गावाच्या बाजूला व्यवस्थित खाली जातात.

सांदण दरीत भर पावसाळ्यात उतरावे. दोन्ही बाजूंना ताठ उभे कातळ, मधली वाट काही ठिकाणी जेमतेम अंगापुरती, आणि वरच्या बाजूला झालेल्या पावसाचे सगळे पाणी येथूनच वाट काढते. साम्रदचे गावकरी ‘आता जाऊ नका’ म्हणतात ते आपली मजा त्यांना पाहवत नाही म्हणून. अडकल्यास घाबरण्याचे कारण नाही. तेच गावकरी आणि स्वखर्चाने येणारे डोंगरवेडे तरुण रात्री दोर घेऊन आपल्याला काढायला उतरतात. बाहेर आल्यावर, येथे साधा फलकसुद्धा नाही, अशी तक्रार फलकाला टेकून करावी.

फलकावरून आठवले. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य आहे, उपाहारगृहाचे अंगण नव्हे, आणि अभयारण्यात कचरा टाकण्यास व वन्य जीवांना छेडण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही असे मला वाटत नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या गाडीची किंमत ऐकली तर त्या वाटाड्याला घेरी येईल, आणि परदेशी गेल्यावर तुम्ही चॉकलेटचा कागद खिशात घालून दिवसभर फिरता. लाज आणि शिस्त तुमच्याजवळ आहे. ती तुम्ही घोटीच्या अलीकडे ठेवून येता, कारण येथे तुम्हाला अडवणारा माणूस गरीब आहे आणि हात जोडून बोलतो.

काजवे पाहायचे असतील तर गाडी मुक्कामाच्या गावात ठेवा आणि चालत जा. गावातला माणूस बरोबर घ्या, तो मागेल तेवढे पैसे द्या आणि तो सांगेल तेथेच थांबा. झाडाखालच्या गवतात शिरू नका, तेथे काजवे बसलेले असतात आणि तुमच्या बुटांखाली मरतात. मोबाइल खिशातून काढू नका, तुमच्या मोबाइलमध्ये ते नीट येत नाहीत, हे तुम्ही गेल्या वर्षीच पाहिले आहे. डोळे अंधाराला सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ तोंड मिटून उभे राहणे जमत नसेल तर येऊ नका. कोणीही तुम्हाला बोलावलेले नाही. आणि टपावरची ती पट्टी लावायचीच असेल, तर महामार्गावरच्या ढाब्यावर जेवून तेथूनच मागे फिरा. तेथील झाडांवर दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात. त्यांच्यावर कितीही झोत टाकले तरी त्या विझत नाहीत आणि शेजारी मोटारी उभ्या करायला जागाही भरपूर आहे.