वाघनखं आली, आता कोठार उघडा

जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात पोहोचली. इथल्या, ब्रिटनमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर तेव्हा एकच खडाजंगी: खरी की खोटी? महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयाचंच म्हणणं आहे. वाद रास्तच होता. पण वाघनखं बघून गेलेल्या शाळकरी पोरानं साताऱ्याच्या संग्रहालयात पुन्हा कशासाठी यावं, यावर गटात एकही ओळ आली नाही.

त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं मे २०२५मध्ये पूर्व लंडनमध्ये, २०१२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या माध्यम केंद्रात, आपलं कोठारच लोकांसाठी उघडलं. अडीच लाखांवर वस्तू, मांडण्यांवर रचलेल्या, प्रवेश फुकट. गंमत पुढे आहे. कोठारातल्या वस्तू संकेतस्थळावर शोधायच्या, पाचपर्यंत निवडायच्या, दोन आठवडे आधी वेळ ठरवायची. त्या दिवशी कर्मचारी त्या तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. आपण संशोधक आहोत हे सिद्ध करावं लागत नाही. शिवणकाम शिकणारी मुलगी जुन्या झग्याची शिवण जवळून बघू शकते. व्हॅन गॉगची चित्रं प्रोजेक्टरनं भिंतभर फिरवणारं प्रदर्शन २०२३मध्ये मुंबईतही येऊन गेलं. त्यापेक्षा हे टेबल मला कितीतरी आधुनिक वाटतं.

अर्थात सगळं गोड नाही. त्याच इमारतीत आग्र्याच्या किल्ल्यातले सतराव्या शतकातले संगमरवरी खांब उभे आहेत, ब्रिटिश अमलात सुटे करून आणलेले. ते इतक्या मोकळेपणानं दाखवले जातात म्हणून ते इथे कसे आले हा प्रश्न मिटत नाही.

आणि आपल्याकडे काहीच होत नाही, हेही खोटं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय बसमध्ये प्रदर्शन मांडून गावोगावच्या शाळांपर्यंत नेतं. त्याच्या आवारात २०१९पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२चं, एकेकाळी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ हेच नाव लावणारं. तिथे आजचे चित्रकार-शिल्पकार जुन्या संग्रहाला उत्तर देणारी कामं मांडतात.

मग लहान गावांतल्या संग्रहालयांनी काय करावं? ‘फोटो काढू नये, हात लावू नये’ या पाटीपलीकडे त्यांची प्रेक्षकाशी बोलण्याची भाषा क्वचितच जाते. माझं म्हणणं एवढंच, की आठवड्यातली एक दुपार कोठारासाठी ठेवा. एक टेबल, एक जाणकार माणूस आणि आधी मागणी नोंदवायची सोय. खरी अडचण पैशांपेक्षा यादीची आहे: कोठारात काय आहे हे बाहेरच्याला कळलंच नाही, तर तो मागणार काय? मराठीत लिहिलेली, फोटोंसह सर्वांना बघता येईल अशी यादी आधी हवी. पुढच्या उसनवारीच्या समारंभाआधी सरकारनं त्या कामावर माणसं बसवावीत.