काठमांडूला जाताय? मच्छिंद्रनाथाला भेटून या

काल एका ओळखीच्या काकूंनी यात्रा कंपनीचा कार्यक्रम पाठवला. काठमांडूत दोन मुक्काम, पशुपतिनाथ, बुढानीलकंठ, स्वयंभूनाथ, रुद्राक्षांची खरेदी, आणि पहाटेच्या बसने पोखरा. असा कार्यक्रम पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. नोकरीनिमित्त दोन वर्षं मी काठमांडूला लागूनच, बागमती नदीपलीकडे पाटणला राहिले. ते शहर इतकं आपलं आहे, आणि आपण त्याला ओझरतं बघून निघून येतो.

आपल्याकडे नवनाथांचं पारायण कितीतरी घरांत होतं. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपण लहानपणापासून ऐकलेली. तोच मच्छिंद्रनाथ पाटणमध्ये पावसाचा देव आहे. लाल तोंडाचा, टपोऱ्या डोळ्यांचा. नेवार लोक, म्हणजे या खोऱ्यातले मूळ रहिवासी, त्याला बुंगद्यः म्हणतात आणि बौद्ध घरांत तोच करुणामय अवलोकितेश्वर. गोरखनाथ पाऊस पाडणाऱ्या नागांवर आसन मांडून बसले, बारा वर्षं थेंब पडला नाही, म्हणून त्यांच्या गुरूला, मच्छिंद्रनाथाला, कामरूपहून (आसामातून) आणलं. गुरूला नमस्कार करायला गोरखनाथ उठले, नाग सुटले आणि पाऊस आला, अशी तिथली कथा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा रथ निघतो. वेतानं आवळून बांधलेला, भोवतालच्या घरांपेक्षा उंच, चाकांवर डोळे रंगवलेले. दर बारा वर्षांनी तो थेट बुंगमतीहून, या देवाच्या पाटणजवळच्या गावाहून, ओढतात. २०१५ हे तसंच बारावं वर्ष होतं. भूकंपात बुंगमतीचं देऊळ कोसळलं, रथ वाटेतच थांबला, पण लोकांनी त्याच वर्षी जत्रा पुरी केली.

पावसाचं एवढं का, ते तिथली हवा अनुभवली की कळतं. काठमांडू सुमारे १४०० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या वाडग्यात वसलंय. वर्षातला सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते आणि शहराचा धूर तिच्यातच कोंडतो. मग बाकीचे आठ महिने पाणी कुठून आणायचं? लिच्छवी राजांच्या काळापासून, म्हणजे दीडेक हजार वर्षांपासून, तिथल्या लोकांनी याचं उत्तर दगडात कोरून ठेवलंय. डोंगरातलं पाणी राजकुलोंनी, म्हणजे कालव्यांनी, शहराजवळच्या पोखऱ्यांत, म्हणजे तळ्यांत, आणायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि पायऱ्या उतरून गेलं की मकरमुखी धारेतून, हितीतून, घ्यायचं. पाटण दरबारासमोरची मंगहिती सहाव्या शतकातली मानतात. तिथे आजही बायका कळशा भरतात.

आमच्या घरमालकांच्या आईला सगळे अजि म्हणत. नेवारीत आजीला अजिच म्हणतात! ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, सिथि नखःला, त्या मला पहाटे उठवून चौकातल्या विहिरीपाशी घेऊन गेल्या. गल्लीतली मुलं आत उतरून गाळ वर देत होती, बाया बादल्या ओढत होत्या. पाऊस येण्याआधी विहिरी आणि हिती साफ करायचा तो दिवस. नंतर उडदाच्या डाळीचे गरमागरम वः खाल्ले, आपल्या जाड घावनासारखे. अंगणातल्या मुलांना वाढताना अजिंनी प्रत्येकाचे हात हुंगून पाहिले, गाळाचा वास येतोय का म्हणून. ज्याच्या हाताला वास, त्याला पहिला वः.

आता कितीतरी हिती कोरड्या पडल्यात. राजकुलो बुजवले, पोखऱ्यांवर इमारती आल्या, तळघरांच्या खोदकामांनी जमिनीखालच्या वाटा तुटल्या. मेलम्ची नदीचं पाणी डोंगर पोखरून मार्च २०२१मध्ये शहरात आलं आणि त्याच वर्षी जूनमधल्या पुरानं नदीवरची बांधकामं गाडली. सप्टेंबर २०२४मध्ये तर नख्खू नदीकाठची घरं पाण्यात गेली. तीस लाखांच्या खोऱ्याला नुसत्या हिती पुरणार नाहीत, नळ हवाच. पण माझं ठाम मत आहे, की मुरण्याच्या जागा आधी राखायला हव्या होत्या. जो पाऊस जमिनीत जायचा, तोच आता रस्त्यावरून घरांत शिरतो.

पाटणच्याच आल्को हितीच्या वस्तीनं हितीचं पाणी जपून दाखवलंय. रात्री वाया जाणारं धारेचं पाणी टाकीत साठवून ते घराघरांत देतात. सरकारची वाट न पाहता, गुठीच्या, म्हणजे नेवारांच्या सामाईक कामं पाहणाऱ्या मंडळांच्या, जुन्या सवयीनं, आपलं आपण.

काकू, पोखऱ्याची बस एक दिवस उशिरा धरा. पाटणला सकाळी सातच्या आत मंगहितीवर जा, पायऱ्या उतरा, ओंजळीत पाणी घ्या. मग तबहालमध्ये मच्छिंद्रनाथाचं देऊळ आहे, दहा मिनिटांच्या चालीवर. रस्ता विचारला की कोणीही सोबत येतं.