तिखट करपू नये म्हणून

काल संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात मला कांदे चिरायच्या कामावर ठेवण्यात आलं.

झालं असं, की बुडापेस्टच्या आमच्या घरी नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार होती. बेत चिर्केपाप्रिकाशचा, म्हणजे इथल्या कोंबडीच्या रश्शाचा. कांदा, डुकराची चरबी, पाप्रिका म्हणजे इथलं लाल तिखट, कोंबडी आणि शेवटी आंबट साय, एवढाच पसारा. सोबत नोकेद्ली. मैदा-अंड्याचं सैलसर पीठ मोठ्या भोकांच्या खिसणीवरून उकळत्या पाण्यात पाडायचं, गोळे वर आले की झालं. ती खिसणी माझ्याकडे नव्हती. चकलीचा सोऱ्या होता, पण हे पीठ त्यातून नुसतं गळतं. म्हणून समोरच्या नेनींची बेल वाजवली. इथे वयाने मोठ्या बाईला नेनी म्हणतात.

खिसणी आली. सोबत नेनीही आल्या, अॅप्रन बांधूनच.

"कांदा अजून बारीक. रश्शात दिसता कामा नये."

चिरला. त्यांनी भांड्यात चरबी टाकली, कांदा मऊ केला आणि भांडं एकदम शेगडीवरून खाली उतरवलं. मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आता पाप्रिका. विस्तवावर घालायची नाही. करपते. कडू होते. कळलं?"

हे मला! जिच्या आईने फोडणीत तिखट करपलं की सबंध चाळीला ठसका लावला, तिला! मी म्हटलं, "नेनी, आमच्याकडेही तिखट असंच सांभाळून घालतात."

"तुमच्याकडे पाप्रिका आहे? आमच्याकडून गेली असेल."

मी हात पुसले. मिरची मूळची अमेरिकेची, आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीजांनी आणली, तुमच्याकडे तुर्कांच्या राज्यात आली, असा सगळा इतिहास माझ्या मोडक्या हंगेरियनमध्ये मांडला. नेनींनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सेंट-ग्योर्गी."

"काय?"

"आल्बर्ट सेंट-ग्योर्गी. आमचे शास्त्रज्ञ. सेगेद शहरात. पाप्रिकातून क जीवनसत्त्व काढलं त्यांनी. नोबेल, १९३७." हे सांगताना चेहरा असा, की तो समारंभ यांच्याच बैठकीच्या खोलीत झाला असावा. मी मिरची अटलांटिक ओलांडून आणली, त्यांनी एका नोबेलात मला गार केलं. वाद संपला. माझं आलं-लसूण मात्र खिडकीत नेऊन ठेवण्यात आलं, सज्जनांपासून दूर.

सायीत मैदा कालवायचा, गरम रस्सा थोडा थोडा घालून ती सारखी करायची, मगच भांड्यात ओतायची, नाहीतर फुटते. कढी करणाऱ्या बाईला हेही ऐकून घ्यावं लागलं. इथे मला खरंच राग आला. या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून मी काहीही शिजवलं तरी जिन्यात "करी" म्हणतात. वरण करी, थालीपीठ करी. मटकीची उसळ कशी करतात, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी मात्र यांच्या कोंबडीची परीक्षा देत उभी.

पाहुणे आले, जेवले, आणि टोमॅटो घालावा की नाही यावर भांडले. प्रत्येकाची आजी वेगळी. नेनी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, टेबलाच्या टोकाला बसून निकाल देत होत्या. माझ्या वाट्याला काकडीची कोशिंबीर वाढणं आलं. तीही म्हणे गोड कमी झाली होती.

जाताना त्यांनी खिसणी घेतली, आणि ओट्यावरचा माझा पाप्रिकाचा डबाही उचलला. सेगेदचा, गोड जातीचा, माझ्या पैशांचा.

"उजेडात ठेवलास तर रंग उडेल. माझ्या कपाटात अंधार असतो. लागेल तेव्हा बेल वाजव."

आज दुपारी वाजवली. दार किलकिलं करून त्यांनी आधी विचारलं, "कशात घालणार आहेस?"