मुंबई हायचं तेल आणि साबणाचं पाणी

व्हॉट्सॲपवर मुंबईतल्या ग्रुपांत एक मजकूर फिरतोय: मुंबई हायच्या खडकात अडकलेलं तेल काढायला समुद्राच्या पाण्यात साबणासारखं कुठलंही रसायन (म्हणजे सर्फॅक्टंट) कालवून विहिरीत सोडा; मीठ नडलं तर गोडं पाणी घ्या. हे सल्ले चुकीचे आहेत.

‘समुद्राचं पाणी चालेल.’ तेल ढकलायला चालतं. गाळून, प्राणवायू काढून ते तिथे सोडलंही जातं. पण त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1,300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम. साबण या दोघांशी भेटला की न विरघळणारा साका होतो. बोअरच्या पाण्याने बादलीला बसतो तोच. इथे मात्र तो खडकाची छिद्रं बुजवतो. साबणाच्या जोडीला धुण्याचा सोडा घातला तरी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो, म्हणून पाणी आधी मृदू करावं लागतं.

‘मीठ नसेल तितकं बरं.’ खरी गफलत इथे आहे. तेल-पाण्यामधला ताण साधारण 20 ते 30 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. अडकलेला थेंब सुटायला तो 0.001 च्या आसपास आणावा लागतो. मीठ कमी असेल तर सर्फॅक्टंट पाण्यातच राहतं, जास्त झालं तर तेलात शिरतं, आणि दोन्हीकडे ताण पुरेसा उतरत नाही. मधला नेमका टप्पा शोधावाच लागतो. त्यासाठी काचेच्या बारीक नळ्यांत तेल आणि सर्फॅक्टंटचं पाणी सारखं भरतात, प्रत्येक नळीत मीठ थोडं थोडं वाढवतात, तोंड वितळवून बंद करतात आणि नळ्या जमिनीखालच्या तेलसाठ्याच्या तापमानाला ओव्हनमध्ये ठेवतात. ज्या नळीत मधोमध तिसरा थर दिसतो आणि त्यात तेल-पाणी सारखं सामावतं, ती क्षारता योग्य. एक मिलिलिटर सर्फॅक्टंटने दहा मिलिलिटर तेल सामावलं, तर ताण 0.003 च्या घरात आला असं धरतात. घाईने वाचू नये. थर स्थिरावायला दिवस, कधी आठवडे लागतात.

‘कुठलंही सर्फॅक्टंट घ्या.’ मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे आणि तापमान शंभर अंशांच्या पुढे. सल्फेट प्रकारची रसायनं तिथे विघटित होतात. सल्फोनेटं टिकतात, पण ऋणभारित असल्याने चुनखडकाला चिकटून वाया जातात.

शिवाय विहिरीत सोडलेलं पाणी साठ्यातल्या खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि क्षारता हलते. म्हणून सर्फॅक्टंटमागून सोडायचं पॉलिमरचं (दाट केलेलं) पाणी मुद्दाम कमी खारं ठेवतात: तेलात शिरलेलं सर्फॅक्टंट त्यामुळे पुन्हा पाण्याकडे येतं.